विज्ञानकथेच्या ‘जनकां’आधी

आपल्या संस्था-संघटनांच्या कार्यालयांत पुस्तकांचे एक कपाट असतेच. कायद्याची पुस्तके, आरोग्याची पुस्तके, स्त्रियांची आत्मचरित्रे, दलित स्त्रियांची आत्मकथने, परिषदांचे अहवाल, गाण्यांच्या पुस्तिका. गेल्या बारा वर्षांत कामाच्या निमित्ताने मी अशी बरीच कपाटे उघडली आहेत. विज्ञानकथेचे पुस्तक मात्र मला त्यांपैकी एकातही सापडले नाही. मागच्या वर्षी आमच्या वाचनगटासाठी मी विज्ञानकथा सुचवली तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती हसून म्हणाल्या, ‘‘अगं, ती यानं नि यंत्रमानव पोरांना दे वाचायला. आपल्याला इथं पोटगीच्या तारखा पुरेनात.’’

त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. समुपदेशन केंद्रात रोज ज्या बाया येतात त्यांना आज रात्री कुठे झोपायचे हा प्रश्न असतो. त्यांच्यापुढे शंभर वर्षांनंतरच्या जगाच्या गोष्टी काय करायच्या? तरीही मला असे वाटते की या साहित्यप्रकाराकडे पाठ फिरवून आपण आपलीच एक वस्तू दुसऱ्याच्या घरात टाकून आलो आहोत. विज्ञानकथा घडवण्यात बायकांचा हात अगदी सुरुवातीपासून होता. तो हात नंतर पुसला गेला. आणि तो पुसला गेल्यामुळे ‘उद्याचे जग कसे असावे’ हे ठरवण्याचे काम जणू पुरुषांचेच आहे, असे आपणही धरून चालू लागलो. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे.

जनक आहेत, जननी नाही

विज्ञानकथेचे जनक कोण, असे विचारले की तीन नावे पुढे येतात. फ्रान्सचे ज्यूल व्हर्न, इंग्लंडचे एच. जी. वेल्स आणि अमेरिकेचे संपादक ह्यूगो गर्न्सबॅक. व्हर्न यांची पहिली गाजलेली कादंबरी १८६३ची, वेल्स यांचे ‘टाइम मशीन’ १८९५चे, गर्न्सबॅक यांचे ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक १९२६चे. तिघांच्याही कर्तृत्वाबद्दल वाद नाही. पण एखाद्या घराण्याच्या वंशावळीत बाप, आजा, पणजा असावेत आणि आई एकही नसावी, तसे हे झाले. आपल्याकडच्या वंशावळीही अशाच लिहिल्या जातात, म्हणून त्यात कुणाला काही खटकत नाही.

आता तारखा पाहू. व्हर्न जन्मले १८२८ साली. त्याच्या दहा वर्षे आधी, १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखिका मेरी शेली. लिहायला बसली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, छापून आली तेव्हा वीस वर्षांची. पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या आणि त्यांवर लेखकाचे नाव नव्हते. प्रस्तावना तिच्या नवऱ्याने, कवी पर्सी शेली याने लिहिली होती. साहजिकच पुष्कळांनी कादंबरीही त्याचीच धरली. मेरीचे नाव इंग्रजी आवृत्तीवर आले ते १८२३ साली. विज्ञानकथेची सुरुवात याच पुस्तकापासून मानावी, असे ब्रिटिश लेखक ब्रायन ऑल्डिस यांनी या साहित्यप्रकाराच्या इतिहासात ठामपणे मांडले ते १९७३मध्ये. म्हणजे पुस्तक निघाल्यानंतर तब्बल १५५ वर्षांनी.

आणखी मागे जायचे तर १६६६ साली न्यूकॅसलच्या डचेस मार्गारेट कॅव्हेंडिश यांनी ‘ब्लेझिंग वर्ल्ड’ लिहिले. त्यात एक तरुणी उत्तर ध्रुवावरून दुसऱ्याच जगात पोचते, तिथली सम्राज्ञी होते आणि तिथल्या शास्त्रज्ञांना एकेक करून प्रश्न विचारते. ते शास्त्रज्ञ अस्वल-मानव, पक्षी-मानव असे आहेत. पुढच्याच वर्षी, मे १६६७मध्ये, कॅव्हेंडिशबाई लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग बघायला गेल्या तेव्हा त्या भेटीवरून तिथल्या मंडळींत बरीच खळबळ उडाली. त्या सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९४५ साली. प्रयोगशाळेचे दार उघडायला २७८ वर्षे लागली. बाईने कल्पनेत ते आधीच उघडले होते.

बाळंतिणीची मुलगी

‘फ्रँकेन्स्टाइन’ची गोष्ट चित्रपटांमुळे सर्वांना ठाऊक आहे, पण ती बहुधा चुकीची ठाऊक आहे. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव नाही, त्याला घडवणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाचे आहे. त्याने घडवलेल्या जिवाला कादंबरीभर नावच मिळत नाही.

मेरीची आई मेरी वोलस्टनक्राफ्ट. १७९२ साली स्त्रियांच्या हक्कांचा जाहीर पुरस्कार करणारे पुस्तक लिहिणारी ती बाई आपल्या शिबिरांतून आपल्याला माहीत असते. ३० ऑगस्ट १७९७ रोजी तिने मेरीला जन्म दिला. वार पडली नाही, डॉक्टरने हाताने काढली, जंतुसंसर्ग झाला आणि १० सप्टेंबरला ती गेली. मेरीचे स्वतःचे पहिले मूल, अपुऱ्या दिवसांची मुलगी, १८१५मध्ये काही दिवसांतच दगावले. त्यानंतर वर्षभराने, १८१६च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी, तिने ही कादंबरी लिहायला घेतली.

हा तपशील मी मुद्दाम देते. ही कादंबरी बाळंतपणाच्या आणि बालमृत्यूच्या घरातून आलेली आहे. एक पुरुष गर्भाशय टाळून, बाई टाळून, एकट्याने जीव निर्माण करतो. तो जीव डोळे उघडतो तेव्हा हा घाबरून पळून जातो. ज्याला जन्म दिला त्याला दूध नाही, नाव नाही, भाषा शिकवणारे कोणी नाही. राक्षसाने पुढे जे केले ते भयंकरच आहे, पण त्याचा पहिला गुन्हेगार टाकून गेलेला बाप आहे, हे मेरी शेली वाचकाला विसरू देत नाही. जबाबदारी न घेता निर्मितीचे श्रेय घेणारा पुरुष आपल्या केंद्राच्या नोंदवहीत पानोपानी भेटतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

कादंबरीत आणखी एक प्रसंग आहे. राक्षस आपल्यासाठी एक स्त्री सोबतीण मागतो. शास्त्रज्ञ ती घडवायला घेतो आणि मध्येच थांबतो. त्याला भीती वाटते की ही स्वतःच्या बुद्धीने विचार करील. तिच्या जन्माआधी दोन पुरुषांनी तिच्याबद्दल केलेला करार ती मानणार नाही. शिवाय तिला मुले होतील. म्हणून जन्मण्यापूर्वीच तो तिचे तुकडे करून टाकतो. जन्मण्यापूर्वीच! मुंबईत १९८०च्या दशकात ज्या मैत्रिणींनी गर्भलिंगचाचणीविरोधी मोहीम उभी केली, ज्यांच्यामुळे महाराष्ट्रात १९८८ साली आणि देशात १९९४ साली कायदा झाला, त्यांना हे पान वाचून काय वाटेल, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

नाव लपवण्याची कारणे

मेरी शेलीनंतर १८२७ साली जेन वेब या वीस वर्षांच्या मुलीने २१२६ सालातल्या इंग्लंडची कादंबरी लिहिली. वडिलांच्या निधनानंतर हातात पैसा नव्हता, म्हणून तिने लिहायला घेतले. त्या भविष्यातल्या इंग्लंडवर राणी राज्य करते. पुस्तक निनावीच निघाले. त्यातल्या यांत्रिक कल्पना आवडल्या म्हणून शेती-बागकामावर लिहिणाऱ्या लाउडन नावाच्या गृहस्थांनी लेखकाला भेटायचे ठरवले. भेटली एक तरुण मुलगी. पुढे दोघांचे लग्न झाले आणि जेन बागकामावरची लेखिका म्हणून ओळखली गेली.

अमेरिकेतल्या मासिकांच्या काळाचीही अशीच कथा आहे. १९२७मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’च्या स्पर्धेत क्लेअर विंगर हॅरिस या गृहिणीच्या कथेला तिसरे बक्षीस मिळाले. ती स्वतःच्या नावाने लिहीत असे. कथा छापताना संपादक गर्न्सबॅक यांनी टीप जोडली. तिचा आशय असा, की बायकांचे शास्त्रीय विषयांचे शिक्षण आणि ओढा मर्यादित असल्याने त्या सहसा अशा कथा चांगल्या लिहीत नाहीत, ही बाई अपवाद आहे. ‘अपवाद’ हा शब्द आपण सर्वजणी ओळखतो. तुमची कर्तबगारी मान्य करायची आणि तुमच्या जातीची नालायकी तशीच शाबूत ठेवायची, ही सोय त्या शब्दात असते.

१९३३मध्ये सी. एल. मूर या नावाने एक कथा आली आणि गाजली. नावामागे होती कॅथरीन ल्यूसिल मूर, इंडियानापोलिसच्या एका बँकेत काम करणारी बावीस वर्षांची तरुणी. तिने आद्याक्षरे वापरली ती बाईपण लपवायला नव्हे. मंदीचा काळ होता. लेखनातून जादा पैसे मिळतात हे बँकेला कळले तर नोकरी जाईल, ही भीती होती. पण आद्याक्षरे दिसताच वाचकांनी पुरुष गृहीत धरला. हेन्री कटनर या लेखकाने तिला पुरुष समजून चाहत्याचे पत्र पाठवले. १९४०मध्ये दोघांचे लग्न झाले, दोघे मिळून अनेक टोपणनावांनी लिहू लागले आणि त्यातले श्रेय पुष्कळदा त्याच्याच खात्यावर जमा झाले. याच मूरने १९४४मध्ये एक कथा लिहिली. आगीत भाजलेल्या नर्तकीचा मेंदू धातूच्या शरीरात बसवला जातो, आणि ही अजून बाई राहिली का, याची चर्चा दोन पुरुष करत बसतात. ती मात्र स्वतःचे स्वतः ठरवते.

१९४८मध्ये ज्युडिथ मेरिल यांनी अणुयुद्धावर कथा लिहिली. त्या वेळच्या मासिकांतून अणुबॉम्ब म्हणजे सेनापती आणि शास्त्रज्ञांचा विषय होता. मेरिलने तो पाळण्याजवळ आणला. किरणोत्सर्गाच्या छायेत बाळंत झालेली आई, तिचे बाळ आणि घरी परतणारा बाप, एवढीच पात्रे. हिरोशिमाला तेव्हा तीनच वर्षे झाली होती.

या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, असे आपल्याला सांगितले जाते. एरिक लीफ डेव्हिन या इतिहासकाराने १९२६ ते १९६५ या काळातली मासिके चाळून २००६ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला विज्ञानकथा लिहिणाऱ्या दोनशेहून अधिक स्त्रिया सापडल्या. बायका होत्या. संग्रह काढताना, इतिहास लिहिताना, अभ्यासक्रम ठरवताना त्या गळत गेल्या. विज्ञानकथालेखिका जोआना रस यांनी १९८३मध्ये या गळतीच्या युक्त्यांवर एक पुस्तकच लिहिले. हे तिने लिहिलेच नाही, लिहिले पण लिहायला नको होते, लिहिले पण एकच लिहिले, लिहिले पण ते खरे त्या प्रकारात मोडतच नाही, अशा त्या युक्त्या आहेत.

आपल्याला हे अपरिचित नाही. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा विभावरी शिरूरकर हे नाव घ्यावे लागले आणि ही बाई कोण, याचा शोध घेण्यातच महाराष्ट्राचा निम्मा उत्साह संपला. याच्या शेजारी मराठी विज्ञानकथेतली एक गोष्ट ठेवून पाहा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. आपल्या प्रसिद्धीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, हा त्यामागचा सचोटीचा हेतू होता. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली होती त्यांच्या पत्नी, गणिताच्या अभ्यासक मंगला नारळीकर यांनी. मला यात कोणावर टीका करायची नाही. फक्त फरक दाखवायचा आहे. मोठ्या पुरुषाला नाव लपवावे लागते ते नावाचा फायदा नको म्हणून. बाईला लपवावे लागते ते नावामुळे दार बंद होते म्हणून.

भागलपूरची सुलताना

आता आपल्या घराजवळ येऊ. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ‘सुलतानाज् ड्रीम’ ही इंग्रजी कथा आली. या मासिकाच्या संपादक कमला सत्यनाथन. लेखिका रुकैया सखावत हुसेन, तेव्हा पंचविशीतली, बिहारमधल्या भागलपूरला राहणारी. तिच्या घरी मुलींना बंगाली-इंग्रजी शिकवण्याची पद्धत नव्हती. थोरल्या भावाने रात्री सगळे झोपल्यावर तिला शिकवले. कथा लिहिली तेव्हा नवरा, जो सरकारी अधिकारी होता, दौऱ्यावर गेला होता. परत आल्यावर त्याने ती उभ्या उभ्या वाचून काढली आणि हा भयंकर सूड आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. छापायला मात्र त्यानेच प्रोत्साहन दिले.

कथेत सुलताना आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीचा विचार करता करता झोपी जाते आणि एका स्त्रीराज्यात पोचते. तिथे पुरुष घरात, ‘मर्दान्या’त बंद आहेत. रस्त्यावर बायका मोकळ्या फिरतात. स्त्रियांच्या एका विद्यापीठाने ढगांतले पाणी थेट काढून घेण्याची युक्ती शोधली आहे, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याची. पुरुष सैन्य वाढवण्यात गुंतलेले असताना हे संशोधन झाले आणि पुरुषांनी त्याची टर उडवली. शेजारच्या राजाने हल्ला केला, पुरुषांचे सैन्य हरले, तेव्हा विद्यापीठाच्या प्रमुख बाई दोन हजार विद्यार्थिनी घेऊन निघाल्या आणि साठवलेली उष्णता शत्रूवर सोडून त्याला पळवून लावले. त्याआधी एकच अट होती, पुरुषांनी आत जाऊन बसावे. ते दमलेले होते, बसले. तेव्हापासून बाहेर आलेच नाहीत.

ही कथा मी आमच्या वस्तीतल्या बचतगटाला मराठीतून सांगितली. युद्धाचा भाग रंगेल अशी माझी अटकळ होती. बाया थांबल्या त्या स्वयंपाकघरापाशी. रुकैयाच्या स्त्रीराज्यात स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो. कोळसा नाही, धूर नाही, स्वयंपाकघर भाजीच्या बागेत आहे. एक मावशी म्हणाल्या, ‘‘म्हंजे ही बाई चुलीपुढं बसल्याली हाय. न्हाईतर हे तिला सुचलं नसतं.’’ रुकैया अधिकाऱ्याची बायको होती, घरात नोकरचाकर असतील. पण मावशींचा मुद्दा मला खरा वाटतो. स्वयंपाकघराच्या आत कोंडलेल्यांच्या बाजूने विचार केल्याशिवाय १९०५ साली कोणी यंत्रयुगाचे स्वप्न चुलीपासून सुरू केले नसते. त्याच काळातल्या पुरुषांच्या कथांत चंद्रावर जाणारे तोफगोळे होते, पाणबुड्या होत्या. धुराने डोळे गेलेली बाई त्यात नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. २०१६पासून गॅसजोडण्या घरोघर आल्या हे खरे, पण आमच्या वस्तीत टाकी संपली की पुढची भरायला पैसे जमेपर्यंत पुन्हा चूल पेटते. रुकैयाची कल्पना शास्त्रज्ञांना सुचायला हरकत नव्हती. चुलीपुढे बसणारी व्यक्ती त्यांच्या प्रश्नपत्रिकेत नव्हती, एवढेच.

दुसरी एक तरुण मुलगी म्हणाली, ‘‘ताई, पण मग पुरुष कोंडले तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?’’ हा आक्षेप अभ्यासकही घेतात, आणि तो रास्त आहे. पण मला वाटते रुकैया कार्यक्रम देत नव्हती, आरसा धरत होती. पुरुष घरात बसलेले वाचून आपल्याला जे विचित्र वाटते, जे हसू येते, तेच बाईबद्दल का येत नाही? तिने स्वप्न लिहून हात झटकले नाहीत हेही लक्षात घ्यावे. १९०९ साली विधवा झाल्यावर तिने मुलींची शाळा काढली. भागलपुरात विरोध झाला तेव्हा १९११ साली कोलकात्यात आठ मुलींवर ती पुन्हा सुरू केली आणि १९३२ साली मृत्यू येईपर्यंत चालवली. घरोघर जाऊन आईबापांची समजूत काढणारी, पडद्याच्या गाडीची सोय करणारी ही बाई आपल्यासारखीच कार्यकर्ती होती. कथेतले विद्यापीठ आणि आठ मुलींची शाळा यांत विरोध नव्हता.

बाईने लिहिले म्हणून सारे चांगले नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाईने रंगवलेला उद्या हा आपोआप न्याय्य असतो, असे नाही. अमेरिकेच्या शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १९१५ साली आपल्या स्वतःच्या मासिकात ‘हरलँड’ ही कादंबरी क्रमशः छापली. पुरुषाविना चालणाऱ्या स्त्रियांच्या देशाची ती गोष्ट आहे. बालसंगोपन हे सर्व समाजाचे काम मानणारा तो देश आकर्षक आहे. पण त्यात वंशशुद्धीचा विचार आहे, कोणी मूल जन्माला घालू नये हे ठरवणे आहे, आणि गोऱ्या वंशाचा अभिमान आहे. जातीच्या समाजात राहणाऱ्या आपण ते वाचताना सावध असलेच पाहिजे.

दुसरे उदाहरण जर्मनीच्या थिआ फॉन हार्बू यांचे. १९२७ साली पडद्यावर आलेल्या ‘मेट्रोपोलिस’ या प्रसिद्ध चित्रपटाची कथा-पटकथा त्यांची. दिग्दर्शक पती फ्रिट्झ लांग यांचे नाव जगभर झाले, त्यांचे मागे राहिले. जमिनीखाली राबणारे कामगार आणि त्यांची दिशाभूल करायला पुरुषाने घडवलेली यंत्रस्त्री ही कल्पना त्यांची. याच हार्बूबाईंनी लांग यांच्यापासून विभक्त झाल्यावर बेळगावकडचे मराठी पत्रकार अयी गणपत तेंडुलकर यांच्याशी गुपचूप विवाह केला होता. आणि याच बाई नाझी पक्षाच्या सदस्य झाल्या, त्या राजवटीत चित्रपट लिहीत राहिल्या. हे विसरून त्यांना ‘विस्मृतीत गेलेली लेखिका’ म्हणून मिरवणे मला मान्य नाही. विसरलेल्या बाईला परत आणायचे ते तिच्या साऱ्या हिशेबासकट.

मराठीत काय? काशीबाई कानिटकरांची ‘पालखीचा गोंडा’ १९२८ साली प्रसिद्ध झाली. ती विज्ञानकथा नाही. पण एका संस्थानाचा कारभार बाईच्या हाती आला तर काय होईल, याची कल्पना तीत आहे. म्हणजे रुकैया आणि गिलमन ज्या प्रश्नावर होत्या, त्याच प्रश्नावर पुण्याची, चोरून-लपून वाचायला शिकलेली बाई होती. विदुषी मीरा कोसंबी यांनी २००८ साली काशीबाईंवर पुस्तक लिहून हे पुन्हा पुढे आणले. पुढे शुभदा गोगटे, मेघश्री दळवी यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. आपल्या वाचनगटांत यांपैकी किती नावे निघतात?

मग आपण काय करायचे?

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मला गरजांची पाहणी कशी करावी हे शिकवले. ‘तुमच्या समस्या सांगा’ असे विचारणारी प्रश्नावली मी डोळे मिटून लिहू शकते. बाई समस्या सांगते, आपण नोंदवतो, प्रस्ताव करतो. पण ‘तुला काय हवे? तुझ्या नातीचे घर कसे असावे?’ असे विचारले की पुष्कळ बाया गप्प होतात. आजवर कोणी विचारलेले नसते. एकदा आम्ही प्रस्तावात गोष्टी वाचण्याच्या आणि रचण्याच्या सत्रांसाठी थोडा खर्च मागितला. निधी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, गोष्टींचा परिणाम मोजता येत नाही, म्हणून ती ओळ खोडली. शिलाई यंत्रांची ओळ राहिली. यंत्रे कामाची आहेत, तक्रार ती नाही. पण बाईच्या हाताला काम द्यावे आणि डोक्याला उद्याचा विचार देऊ नये, ही विभागणी जुनीच आहे.

आणि उद्या तर आपली वाट पाहत थांबलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून अधिक बायांचे गर्भाशय काढलेले आढळले, ही बाब २०१९ साली उघड झाली. पाळी आली तर खाडा पडतो, खाडा पडला तर दंड होतो, म्हणून गर्भाशयच नको. दुसरीकडे दुसऱ्यासाठी मूल वाढवणारे गर्भाशय भाड्याने मिळत होते. २०२१च्या कायद्याने त्या व्यापाराला बंदी आली. या दोन्ही गोष्टी कोणी शंभर वर्षांपूर्वी लिहिल्या असत्या तर त्या विज्ञानकथाच ठरल्या असत्या. तंत्रज्ञान बाईच्या शरीरावर पोचते तेव्हा आपण मोर्चा काढतो, कायदा मागतो. ते काढलेच पाहिजेत, मागितलेच पाहिजेत. पण ते कोणाच्या सोयीसाठी घडते आहे, हे आधी विचारायची सवयही हवी. मेरी शेलीने ती लावली होती. जीव निर्माण करता येतो का, हा तिच्या नायकाचा प्रश्न होता. त्याला सांभाळणार कोण, हा तिचा.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या कपाटात पाच-सहा पुस्तके यावीत. रुकैयाची कथा छोटी आहे, तासाभरात सांगून होते. ती प्रत्येक गटात सांगितली जावी. सांगून झाल्यावर बायांना त्यांचे स्त्रीराज्य, किंवा स्त्री-पुरुष दोघांचे राज्य, रचायला सांगावे. त्यात पाणी कोण भरते, रात्री एसटी स्टँडवर कोण उभे राहू शकते, म्हातारपणी कोण कोणाला सांभाळते, जात विचारली जाते का, हे त्यांना ठरवू द्यावे. आमच्या गटातल्या बायांनी रचलेल्या गावात दवाखाना सर्वांत आधी आला आणि त्यात रात्री बाई डॉक्टर होती. पुरुषांना त्यांनी कोंडले नाही. त्यांना पाणी भरायला लावले.

हे सारे लिहून घेतले पाहिजे, आणि त्याखाली बायांची नावे घातली पाहिजेत. आद्याक्षरे नकोत, पूर्ण नावे. आपापल्या गटात हा प्रयोग करून पाहा आणि काय झाले ते या अंकाच्या पत्त्यावर जरूर लिहा. पुढच्या अंकात ती स्वप्ने छापता आली तर कपाटात ठेवायला आपले स्वतःचेही काही होईल.